थंडीत तान्ह्या बाळाला गोधडी केव्हापासून द्यावी, आणि अंथरुणात मऊ खेळणे केव्हापासून चालते?

प्रश्न – इंदिरानगर, नाशिक येथील एक आई

नमस्कार. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. ती पूर्ण दिवसांची जन्मली, तिचे वजन व्यवस्थित वाढत आहे आणि सध्या ती केवळ अंगावरच पिते. या पंधरवड्यात नाशिकची थंडी एकदम वाढली असून पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. बाळाच्या पांघरुणावरून आमच्या घरात मतभेद झाले आहेत आणि त्याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

सासूबाईंनी आपल्या जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी बाळासाठी स्वतःच्या हाताने शिवली आहे. माझ्या आईने बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी करून दिली आहे, आणि नणंदेने बारशाला आणलेले मोठे मऊ अस्वल बाळाच्या शेजारी, भिंतीच्या बाजूने ठेवलेले असते. लसीकरणाला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की, वर्षाची होईपर्यंत तिच्या अंथरुणात सुटे पांघरूण, उशी, लोड किंवा मऊ खेळणे यांपैकी काहीही ठेवू नये. बाहेर बरीच मंडळी ताटकळत होती, त्यामुळे त्यामागचे कारण मला विचारता आले नाही. घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग एवढ्या थंडीत लेकराला उघडं निजवायचं का?" माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

वर्षाची ही मर्यादा कशाच्या आधारे ठरली आहे? तोपर्यंत रात्री ऊब द्यायची ती कशी? राईच्या उशीचा काही अपाय होतो का? बाळ रात्री आमच्या दोघांच्या मध्ये झोपते आणि दिवसा मच्छरदाणी असलेल्या छोट्या गादीवर झोपते, हेही सांगून ठेवते, कारण त्याचाही या प्रश्नाशी संबंध असेल असे वाटते.

उत्तर – निवृत्त परिचारिका, पंचवटी

ताई, मी नवजात शिशू कक्षात आणि बालरुग्ण विभागात अनेक वर्षे काम केले आहे. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. तान्ह्या बाळाला थंडी खरोखरच बाधते. बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि कमी वजनाच्या नवजात बाळाचे तापमान याखाली घसरले, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देणाऱ्या आशाताई तापमान पाहतात आणि बाळाला उबदार कसे ठेवावे ते आईला दाखवतात. डॉक्टरांच्या सांगण्याचा अर्थ बाळाला उघडे निजवा असा मुळीच नाही. ऊब कपड्यांच्या रूपाने बाळाच्या अंगात घालावी, सुट्या पांघरुणाच्या रूपाने वरून टाकू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता कारण सांगते. साडेचार महिन्यांच्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मान नुकती कुठे सावरू लागलेली असते आणि तोंडावर आलेले कापड हाताने नेमके धरून बाजूला सारणे त्याला खात्रीने जमत नाही. लाथा झाडता झाडता पांघरूण वर सरकते आणि चेहऱ्यावर येते. जाड, मऊ कापडाखाली बाळाने सोडलेला श्वास तिथेच कोंडून राहतो व बाळ तोच पुन्हा आत घेते, त्यामुळे प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. अशा वेळी आपण मोठी माणसे झोपेतही कूस बदलतो किंवा दचकून जागे होतो. काही बाळांमध्ये मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या, श्वास आणि जाग सांभाळणाऱ्या भागाची ही यंत्रणा पुरती पक्व झालेली नसते, आणि असे बाळ वरून ओळखू येत नाही. ते हसते, खेळते, त्याचे वजन वाढते. म्हणून काळजी सगळ्याच बाळांची घ्यावी लागते. शिवाय हे सर्व आवाज न होता घडते, बाळ रडत नाही, त्यामुळे "मी शेजारीच असते, मला कळेल" या भरवशावर राहता येत नाही.

दुसरे कारण अतिउष्णतेचे आहे, आणि आपल्याकडे त्याचा विचार फारच कमी होतो. बाळाच्या अंगातील बरीचशी उष्णता डोक्यावाटे आणि चेहऱ्यावाटे बाहेर पडते. टोपरे, स्वेटर, मोजे, त्यावर दुपटे आणि त्यावर गोधडी असा थर चढवला की बाळ आतून तापते, आणि तापलेले बाळ अधिक गाढ झोपते व सहज जागे होत नाही. त्यामुळे घरात झोपवताना टोपरे काढून ठेवावे. जन्मानंतरचे पहिले काही दिवस आणि कमी वजनाची बाळे यांच्या बाबतीत मात्र डॉक्टर टोपरे ठेवायला सांगतात, तेव्हा त्यांचेच ऐकावे.

वर्षाच्या मर्यादेबद्दल. एरवी निरोगी असलेल्या बाळाचा झोपेत मृत्यू होणे आणि सर्व तपासण्या करूनही कारण न सापडणे याला वैद्यकीय परिभाषेत एसआयडीएस म्हणतात. असे सुमारे ९० टक्के मृत्यू पहिल्या ६ महिन्यांत होतात, आणि पहिल्या ४ महिन्यांत धोका सर्वाधिक असतो. मग मर्यादा सहा महिन्यांवर का थांबवली नाही, असे कोणीही विचारेल. चार महिन्यांनंतर धोक्याचे स्वरूप बदलते, हे त्याचे उत्तर आहे. बाळ पालथे पडू लागते, लोळत लोळत अंथरुणाच्या कडेला जाते आणि तिथे असलेल्या उशीत, लोडात किंवा गोळा झालेल्या पांघरुणात तोंड खुपसून अडकते. आत शिरणे त्याला जमते, पण बाहेर निघणे जमत नाही, असे मधले काही महिने असतात. वर्षाच्या सुमारास बाळ स्वतः उठून बसते, धरून उभे राहते, तोंडावरचे कापड ओढून फेकून देते आणि त्याची जाग येण्याची क्षमताही बरीच पक्व झालेली असते. म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये नव्याने काढलेल्या सूचनांतही पहिल्या वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागेत सुटे पांघरूण, उशी व मऊ वस्तू ठेवू नयेत, असेच सांगितले आहे.

ब्रिटनमध्ये थोडी वेगळी पद्धत सांगितली जाते. तिथे बाळाचे पाय पलंगाच्या पायथ्याला टेकवून पातळ ब्लँकेट फार तर खांद्यापर्यंतच घ्यायला आणि त्याच्या कडा गादीखाली घट्ट खोचायला परवानगी आहे. ही माहिती इंटरनेटवर वाचून बऱ्याच आया गोंधळतात. पण त्यासाठी कठड्याचा छोटा पलंग आणि टणक गादी लागते. आपल्या कापसाच्या गादीवर किंवा पाळण्यात खोचलेली कड तासाभरातच सुटते, म्हणून आपल्याकडच्या घरांना मी ती पद्धत सुचवत नाही.

राईची उशी काढून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उशीमुळे हनुवटी छातीकडे झुकते आणि बाळाची अरुंद श्वासनलिका दबते. शिवण उसवली तर दाणे बाळाच्या हाती आणि तोंडात जातात, हा आणखी एक धोका आहे. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२२ मध्ये दिला होता. उताणे निजल्याने डोक्याची मागची बाजू थोडी चपटी झाली, तरी बाळ बसू-फिरू लागल्यावर बहुधा ती आपोआप भरून येते. तोवर जागेपणी, आपल्या नजरेसमोर, बाळाला दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पोटावर ठेवावे आणि झोपवताना त्याची मान कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळवून ठेवावी. चपटेपणा एकाच बाजूला वाढत असेल किंवा बाळ मान एकाच दिशेला वळवत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर – एक वडील, निफाड तालुका

आमच्याकडे नाशिक शहरापेक्षाही थंडी जास्त असते. निफाडचा पारा काही रात्री ५ अंशांच्याही खाली उतरतो, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या कराव्या लागतात आणि आमच्या घराला वर पत्राच आहे. त्यामुळे पांघरूण नको म्हटल्यावर आमच्या घरीही तुमच्यासारखीच चिंता होती. आम्ही काय केले ते सविस्तर लिहितो.

अंगालगत मऊ सुती, पूर्ण बाह्यांचे झबले आणि पावलांपर्यंत येणारी सुती विजार. त्यावर अंगाला नीट बसणारा, पुढून बटणे असलेला पातळ लोकरी स्वेटर. पायात मोजे. या सर्वांवर बाळाची बिनबाह्यांची स्लीपिंग बॅग, म्हणजे खांद्यापासून पायापर्यंत येणारी, खालून बंद असलेली पिशवी, ज्यात हात बाहेर राहतात आणि पाय आत मोकळे हलतात. बाजारातल्या काही पिशव्यांवर टॉग नावाचा उबेचा आकडा छापलेला असतो. खोली १६ ते २० अंश असेल तर २.५ टॉग, २० ते २४ अंश असेल तर १ टॉग, असा साधारण हिशेब आहे. जिथे हा आकडा नसतो, तिथे पिशवी किती जाड आहे ते हाताने पाहून आतले कपडे कमी-जास्त करावे.

आमच्या आईनेही नातवासाठी गोधडी शिवलेली होती. ती कपाटात पडून राहावी, हे आम्हाला बरे वाटेना. म्हणून तिने जुन्या सुती साडीचे दोनच पदर घेऊन, मध्ये काहीही न भरता, त्याच धावदोऱ्याने स्लीपिंग बॅगच्या मापाची पिशवी शिवली. शिवताना तीन गोष्टी काटेकोरपणे पाहिल्या. गळा असा बेतला की बाळाच्या मानेशी आपले एक बोट सहज आत जाईल, पण बाळाचे डोके गळ्यातून आत घसरणार नाही. बाह्यांची भोकेही तशीच बेताची ठेवली. आणि टोपी, नाडी, गोंडा, लेस यांतले काहीही लावले नाही, खांद्यावर फक्त दाबाची बटणे लावली. जड गोधडी जशीच्या तशी कापून पिशवी करू नये, कारण बाळाच्या छातीवर वजन पडणेही घातक असते. याच कारणासाठी सध्या ऑनलाइन मिळणाऱ्या, आत मणी भरलेल्या वजनदार स्लीपिंग बॅगही घेऊ नयेत.

बाळाला ऊब पुरेशी आहे की नाही हे हाता-पायांना हात लावून ठरवू नये, कारण तान्ह्या बाळाचे हातपाय एरवीही गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर, कपड्याच्या आत हात घालून पाहावे. तिथे कोमट आणि कोरडे लागले म्हणजे ठीक, घाम असेल तर एक कपडा कमी करावा, गार लागले तर एक वाढवावा. आपण स्वतः त्या खोलीत जेवढे कपडे घालून बसू शकतो त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, हे माप आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते आम्हाला उपयोगी पडले.

एक विनंती सर्वांनाच करतो. कोळशाची शेगडी किंवा घमेले बंद खोलीत ठेवून झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत ते अजूनही ठेवले जाते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने आई व बाळ दोघेही झोपेतच दगावू शकतात. खोली गरम करायची असेल तर बाळाला आत नेण्यापूर्वी विजेच्या हीटरने करावी आणि झोपताना हीटर बंद करावा. गरम पाण्याची पिशवीही आधी अंथरूण ऊबदार करण्यापुरतीच वापरावी आणि बाळाला ठेवण्याआधी काढून घ्यावी.

उत्तर – एक आजी, नाशिकरोड

वरील सर्व वाचले. तरीही थोडे लिहावेसे वाटते. आमच्या पिढीने सगळी लेकरे गोधडीतच वाढवली. शेक, शेगडी, धुरी, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळणे, सारे केले आणि आमची मुले धडधाकट आहेत. सून जेव्हा इंटरनेटवरचे वाचून दाखवते, तेव्हा आपण मुलांचे काही वाईटच करीत होतो की काय, असे आमच्या मनाला लागते. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या सासूबाईंनी हौसेने गोधडी शिवली आहे. तिला धोका म्हणून बाजूला ठेवताना त्यांच्याशी नीट बोलावे, एवढेच माझे सांगणे आहे. आणि डॉक्टर जे आज सांगतात ते पूर्वी का सांगत नव्हते, हेही मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर – निवृत्त परिचारिका, पंचवटी

आजी, तुम्ही विचारलेत ते बरे झाले. पूर्वी डॉक्टर हे सांगत नव्हते, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हते. उलट पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षे बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला दिला जात होता, कारण उलटी झाली तर ती घशात अडकेल, अशी समजूत होती. पुढे झोपेत दगावलेल्या बाळांच्या नोंदी अनेक देशांत जुळवून पाहिल्या गेल्या, तेव्हा पालथे निजणे, मऊ अंथरूण, डोक्यावरून आलेले पांघरूण आणि घरातील धूम्रपान या गोष्टी त्यांत वारंवार आढळल्या. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील एसआयडीएसचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. उलटीच्या भीतीचेही उत्तर मिळाले. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्याखाली असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत चढत नाही. निरोगी बाळ ते गिळते किंवा बाहेर टाकते.

तुम्ही मुलांचे वाईट केले असा अर्थ यातून कोणीही काढू नये. गोधडीत निजलेल्या बाळांपैकी बहुतेक सुखरूपच मोठी होतात. पण ज्या घरात ही घटना घडते त्या घराला बहुतेकांचे काय झाले याने काहीच दिलासा मिळत नाही. आपल्याकडे घरी झोपेत दगावलेल्या बाळाचे शवविच्छेदन आणि जागेची पाहणी क्वचितच होते. छातीत दूध अडकले, दृष्ट लागली, असे काहीतरी म्हणून विषय मिटवला जातो, आणि म्हणून हे आपल्या समाजात घडतच नाही, असा समज टिकून राहिला आहे.

बाळाला दुपट्यात गुंडाळण्याबद्दल मात्र सांगितले पाहिजे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पातळ सुती दुपट्यात, छातीशी फार न आवळता आणि पाय मांडीपासून मोकळे हलतील असे गुंडाळून बाळाला उताणे निजवले तर चालते. पण बाळ कूस बदलण्याचा प्रयत्न करू लागले की गुंडाळणे त्याच दिवसापासून बंद करावे. हात बांधलेले बाळ पालथे पडले तर त्याला मान उचलून घेता येत नाही. प्रश्नातील बाळ साडेचार महिन्यांचे आहे, म्हणजे त्याच्यासाठी ती वेळ आलेलीच आहे.

उत्तर – एक आई, सातपूर

मऊ खेळण्यांबद्दल अजून कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे आणि वर्ष पूर्ण झाल्यावर आम्ही त्याला झोपताना एक छोटा कापडी ससा देऊ लागलो. निवडताना आम्ही पाहिलेल्या गोष्टी अशा होत्या: खेळणे बाळाच्या तोंडापेक्षा मोठे, पण बाळाच्या छातीपेक्षा लहान असावे, डोळे व नाक बटणाचे किंवा मण्याचे नसून दोऱ्याने भरलेले असावेत, गळ्यात रिबीन नसावी आणि आत थर्मोकोलचे दाणे नसावेत. शिवणीला दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिले की आतला कापूस दिसतो का ते लगेच कळते. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, त्यामुळे मऊ खेळण्याच्या शिवणीतल्या पट्टीवर ते आहे का, हेही पाहावे. मेनरोडवर गर्दीत खरेदी करताना ती पट्टी पाहायची राहून जाते.

तुमच्या नणंदेने आणलेले मोठे अस्वल वर्षानंतरही अंथरुणात नसावे, असे मला वाटते. कठड्याच्या पलंगात अशा मोठ्या खेळण्यावर पाय देऊन मूल कठडा ओलांडते. दिवसा खाली चटईवर, आपण शेजारी असताना, बाळाला त्याच्याशी खुशाल खेळू द्यावे. पांघरूणही आम्ही वर्षानंतर एकदम जाड न घेता, मलमलचे दुहेरी दुपटे घेऊन सुरुवात केली. उशी अजून दिलेली नाही आणि दोन वर्षांचा होईपर्यंत ती लागेल असेही दिसत नाही.

प्रश्नकर्ती – इंदिरानगर

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना मी हे सर्व वाचून दाखवले. निफाडच्या दादांनी लिहिलेली पिशवी त्यांना पटली असून त्यांनी माप घ्यायला सुरुवातही केली आहे. दोन शंका राहिल्या आहेत. बाळ आमच्या दोघांच्या मध्ये झोपते, तेव्हा आमचे पांघरूण तिच्यावर येतेच. आणि मच्छरदाणीच्या गादीला चारही बाजूंनी मऊ कड आहे, तिचे काय करावे? थंडी असली तरी गोदाकाठच्या या भागात डास काही कमी होत नाहीत, त्यामुळे मच्छरदाणी काढता येणार नाही.

उत्तर – निवृत्त परिचारिका, पंचवटी

मच्छरदाणी अवश्य ठेवा, डेंग्यूच्या दृष्टीने ती हवीच. फक्त त्या गादीसोबत येणारी उशी आणि लोड काढून टाका, आणि गादी हाताने दाबून पाहा. हात काढल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर ती गादी झोपण्यासाठी योग्य नाही. अशा वेळी जमिनीवर चटई, त्यावर घट्ट, सपाट सतरंजी आणि ताणून खोचलेली सुती चादर अंथरावी आणि वरून मोठी मच्छरदाणी लावावी. तिची जाळी बाळाच्या हाताला लागणार नाही एवढी दूर असावी. थंड फरशीपासून बचाव खालच्या थरांनी करावा, पण तो थर मऊ होऊ देऊ नये.

रात्रीच्या झोपेबद्दल वैद्यकीय सल्ला असा आहे की, बाळ निदान पहिले सहा महिने आई-वडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र पृष्ठभागावर झोपावे. तुमच्या पलंगाला लागून कठड्याचा छोटा पलंग ठेवता आला, तर दूध पाजायलाही सोयीचे होते. आपल्या घरांमध्ये बाळ आईजवळच झोपते हे मला ठाऊक आहे, म्हणून तसे झोपवायचेच असेल तर किमान एवढे पाळा: बाळ दोघांच्या मध्ये न ठेवता आईच्या बाजूला ठेवा, भिंत आणि पलंग यांच्यामध्ये फट राहू देऊ नका, तुमची उशी बाळापासून दूर ठेवा, आणि तुम्ही स्वतः स्वेटर व मोजे घालून झोपा म्हणजे पांघरूण कमरेपर्यंतच घ्यावे लागेल. घरात कोणी धूम्रपान करीत असेल, कोणी मद्य किंवा झोपेचे औषध घेतले असेल, किंवा बाळ वेळेआधी जन्मलेले वा कमी वजनाचे असेल, तर एका अंथरुणात झोपणे पूर्णपणे टाळावे. आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीशी घेऊन डुलकी घेणे हे सर्वांत घातक आहे. रात्री दूध पाजताना डोळा लागेल असे वाटले, तर सोफ्यावर न बसता अंथरुणातच पाजावे.

बाळाच्या गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल, तर झोपताना तो काढून ठेवावा. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यांच्या दोऱ्याही बाळ हात उंचावून पकडू लागले की सोडून ठेवाव्यात.

प्रश्न – एक आई, दिंडोरी

येथेच विचारते. माझे बाळ ३३ व्या आठवड्यात जन्मले आणि आता ११ महिन्यांचे आहे. त्याच्यासाठी वर्षाची मर्यादा जन्मतारखेपासून मोजायची का?

उत्तर – निवृत्त परिचारिका, पंचवटी

तुमचे बाळ सात आठवडे आधी जन्मले आहे, म्हणजे वाढीच्या दृष्टीने ते आता साधारण साडेनऊ महिन्यांचे आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना झोपेतील मृत्यूचा धोका जास्त असतो, म्हणून मी तरी सुधारित वयाने वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगेन, म्हणजे अजून सुमारे अडीच महिने. शिवाय बाळ बसते का, दोन्ही बाजूंनी लोळते का, तोंडावर टाकलेला रुमाल स्वतः काढते का, हे जागेपणी पाहून तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि मगच पातळ दुपट्याने सुरुवात करा.

या थंडीत आणखी एक गोष्ट शहरात सर्रास दिसते. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बाळाला घेतलेले असते आणि वारा लागू नये म्हणून आईने आपली शाल त्याच्या डोक्यावरून पूर्ण ओढून घेतलेली असते. झोळीत किंवा कडेवर झोपलेल्या बाळाच्या बाबतीतही हेच होते. त्या शालीखाली बाळाचे नाक आईच्या अंगात दबते आणि हनुवटी छातीला टेकते, आणि गाडीच्या आवाजात काहीच कळत नाही. लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नये. रिक्षाने किंवा बसने नेताना शाल बाळाच्या खांद्यापर्यंतच घ्यावी, त्याचा चेहरा आपल्याला सतत दिसत राहील असे धरावे, आणि हनुवटी व छाती यांच्यामध्ये दोन बोटे मावतील एवढी मोकळीक आहे ना, ते मधून मधून पाहत राहावे.